फेच्या पोटाखालचा नुक्ता

माझ्या टेबलावर कुराणाच्या दोन प्रती शेजारी शेजारी उघड्या आहेत. दोन्हींत पहिलाच अध्याय, अल-फातिहा. एक प्रत मदिनेच्या सरकारी छापखान्यातली. तिचे वळण आज जगभर ओळखीचे झाले आहे. दुसरी अल्जियर्सच्या एका जुन्या शिळाछाप कुराणाचे पुनर्मुद्रण. मुंबईतले एक ओळखीचे हाफिजसाहेब मध्यंतरी घरी आले, तेव्हा ही दुसरी प्रत मी मुद्दाम त्यांच्यापुढे सरकवली. लहानपणापासून अख्खे कुराण मुखोद्गत असलेला माणूस. फातिहा तर रोजच्या पाच नमाजांत कितीदा म्हणत असतील. त्यांनी चष्मा लावला, पानावर बोट ठेवले आणि मथळ्यावरच थांबले. 'फातिहा' या शब्दातल्या फेचा नुक्ता डोक्यावर नव्हता, पोटाखाली होता. (या अध्यायाच्या मजकुरात फे हे अक्षर एकदाही येत नाही, ते फक्त नावात आहे, पण अडखळायला तेवढे पुरले.) थोडे पुढे 'मालिक' असायला हवे तिथे मीमनंतरची छोटी उभी रेघ नव्हती, म्हणजे शब्द झाला 'मलिक'. आणि शेवटाकडे 'मुस्तकीम'. त्यातल्या क़ाफवर दोनाऐवजी एकच नुक्ता. आपल्याकडे शिकलेला डोळा तो 'मुस्तफीम' असा वाचतो, आणि असा शब्दच अरबीत नाही. हाफिजसाहेबांनी पान संपवले, चष्मा काढला आणि हसून म्हणाले, "पाठ आहे म्हणून वाचता आलं. नाहीतर नसतं आलं."

ते सहज बोलून गेले, पण उत्तर आफ्रिकेत लिहिलेल्या कुराणाचे काम मुळात हेच होते. ज्याला पाठ आहे त्याला आधार द्यायचा, चुकला तर सावरायचे. अशा पानाला छापखान्यात नेल्यावर काय झाले, त्यातले काय टिकले आणि काय गेले, हा या पुस्तकाचा विषय.

आधी एक गल्लत दूर करू. 'मालिक' आणि 'मलिक' हा फरक लिपीचा नाही, पठणपरंपरेचा आहे. कुराणाच्या पठणाच्या काही परंपरा प्रमाण मानल्या जातात. भारतात, तुर्कस्तानात, इजिप्तमध्ये कूफ्याच्या हफ्स यांची परंपरा चालते. हफ्स ७९६ मध्ये वारले. मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेत चालते ती वर्श यांची. वर्श होते इजिप्तचे, पण शिकले मदिनेच्या नाफी यांच्याकडे. ८१२ मध्ये वारले. नाफी यांचेच दुसरे शिष्य कालून. त्यांचे पठण लिबियात आणि ट्युनिशियात रुळले. एकात 'न्यायाच्या दिवसाचा मालक', दुसऱ्यात 'न्यायाच्या दिवसाचा राजा'. दोन्ही ग्राह्य, त्यावरून कोणी भांडत नाही. आयतींची मोजणीही वेगळी: कूफ्याच्या गणनेत ६२३६, मदिनेच्या गणनेत ६२१४. मजकूर कमीजास्त नाही. वाक्य कुठे तुटते एवढाच प्रश्न. फातिहाच्या आयती दोन्हीकडे सातच भरतात, पण कूफी गणना सुरुवातीच्या बिस्मिल्लाला पहिली आयत धरते, मदिनेची गणना तिला बाहेर ठेवते आणि शेवटच्या लांब आयतीचे दोन तुकडे करून सात पुऱ्या करते.

फेचा आणि क़ाफचा नुक्ता मात्र निखळ लिपीचा मामला. मगरिब म्हणजे मावळतीचा मुलूख. लिबियापासून मोरोक्कोपर्यंतचा किनारा, आणि जुन्या काळी स्पेनमधला अंदलुसही त्यातच. या भागात अरबी लिपीने जुन्या कूफी वळणापासून स्वतःची वाट काढली आणि शेवटपर्यंत धरून ठेवली. पूर्वेकडचा कातिब, म्हणजे लेखनिक, बोरूची जीभ तिरकी छाटतो, त्यामुळे रेघ एका दिशेला जाड तर दुसरीला बारीक होते. मगरिबी बोरू जाड वेळूच्या चिरफळीचा, टोक गोलसर. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची, दोरी टाकावी तशी. नूनचे, येचे पोट ओळीखाली खोल उतरते आणि कधीकधी खालच्या ओळीतल्या उभ्या अक्षरांत जाऊन बसते. पूर्वेकडच्या नस्ख वळणाचे पान रांगेत उभे असते. मगरिबी पान झुल्यावर असते. मला ते जास्त आवडते, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या विवेचनात वाचकाने तेवढी सूट धरावी.

हे वळण टिकले त्याचे एक कारण शिकवण्याच्या रीतीत आहे. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात 'मुकद्दिमा'मध्ये लिहून ठेवले आहे की पूर्वेकडे एकेक अक्षर त्याच्या नियमांसह वेगळे शिकवतात, तर मगरिब आणि अंदलुसमध्ये पोर अख्खे शब्द गिरवते. गुरूचा हात पाहायचा आणि आपला हात तसा वळवायचा. पोरांची पाटी लाकडी. तिला लौह म्हणतात. तिच्यावर पांढुरकी माती फासायची, वाळू द्यायची आणि मेंढीची लोकर जाळून केलेल्या तपकिरी शाईने त्या दिवसाचा धडा लिहायचा. या शाईला मोरोक्कोत स्मग म्हणतात. धडा पाठ झाला की पाटी धुवायची, पुन्हा माती, पुन्हा पुढच्या आयती. धूळपाटीवर शिकलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना यात नवल वाटले नसते. अशा रीतीने कुराणाचे साठ भाग पुरे होईपर्यंत अक्षर आणि पाठ एकाच वेळी हातात-तोंडात बसतात. नुक्ता वर की खाली हा प्रश्न त्या पोराला कधी पडतच नाही.

मोठेपणी हात कामाप्रमाणे बदलतो. ऐसपैस, सावकाश लिहिलेले मब्सूत वळण कुराणासाठी. बारीक, जवळजवळ टपोऱ्या मण्यांसारखे मुजव्हर इतर पुस्तकांसाठी आणि दरबारी फर्मानांसाठी. खरेदीखते, वाटण्या, नोंदवह्या यांना झिमामी, घाईचे. आपल्या मोडीसारखे, ज्याला सवय आहे त्यालाच लागणारे.

पण मगरिबी कुराणाचे खरे वैभव रंगांत होते, आणि छपाईशी त्याचे वैर तिथेच सुरू झाले. जुनी समजूत अशी की पहिल्या खलिफांच्या काळी ठरलेला मजकूर हा नुसत्या व्यंजनांचा सांगाडा होता. स्वर, हम्झा (गळ्यात क्षणभर अडवलेला उच्चार), द्वित्त या खुणा नंतरच्या. त्या वाचकासाठी आवश्यक, पण मूळ मजकुरात मिसळता कामा नयेत. मग करायचे काय? अंदलुसच्या विद्वानांनी उत्तर काढले: रंग वेगळा. देनिया गावचे अबू अम्र अद-दानी, मृत्यू १०५३, यांनी या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मजकूर काळा किंवा गडद तपकिरी. स्वर आणि मूळ लेखनात सुटलेले अलिफ तांबडे. हम्झाचा ठिपका पिवळा. शब्दाच्या आरंभी कधी उच्चारायचा, कधी गिळायचा अशा अलिफावर हिरवा ठिपका. तो वर, मध्ये की खाली आहे यावरून सुरुवात कोणत्या स्वराने करायची ते कळते. काही प्रतींत द्वित्ताची खूण निळी. अशी प्रत उघडली की पान आधी सजवलेले वाटते. मग लक्षात येते की यातला एकही रंग शोभेचा नाही. प्रत्येक रंग सांगतो, हे मूळचे, हे नंतरचे.

समासातल्या खुणाही अशाच कामाच्या. मोरोक्कोत मशिदीत रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक हिज्ब, म्हणजे कुराणाचा साठावा भाग, सगळे मिळून म्हणतात. महिन्यात एक पारायण पुरे होते. म्हणून समासात हिज्ब, त्याचे पाव, त्याचे आठवे भाग दाखवलेले असतात. आणि वीस माणसे एका सुरात म्हणताना श्वास कुठे घ्यायचा? ज्याला जिथे वाटेल तिथे तो थांबला तर गोंधळ होईल. फेझ शहरात १५२४ मध्ये वारलेल्या अल-हब्ती यांनी हे थांबे ठरवून दिले. मगरिबी प्रतीत त्यांच्यासाठी एकच खूण आहे, 'सह'. पूर्वेकडच्या प्रतींत थांब्यांच्या सहा-सात प्रकारच्या खुणा असतात: इथे थांबाच, इथे थांबले तरी चालेल, इथे न थांबणे बरे. मगरिबात निवडीला जागा नाही. थांबा म्हणजे थांबा.

आता छापखाना. इथे इतिहास जरा तिरकस वागला आहे. ग्रॅनडा १४९२ मध्ये पडले. पुढच्या आठ-दहा वर्षांत कार्डिनल सिस्नेरोस यांनी त्या शहरात अरबी हस्तलिखितांची होळी केली. जळालेल्यांत कुराणेच जास्त. आणि त्याच ग्रॅनडात १५०५ मध्ये पेद्रो दे अल्काला या पाद्र्याचे अरबी शिकवणारे पुस्तक छापले गेले, मुसलमानांना ख्रिस्ती करायला निघालेल्या धर्मगुरूंच्या उपयोगासाठी. त्यात लाकडी ठशावर कोरलेली अरबी वर्णमाला आहे, आणि ती मगरिबी वळणाची आहे. ज्या हाताची पुस्तके चौकात जाळली, त्याच हाताची अक्षरे चार-पाच वर्षांत त्याच गावात कागदावर उमटली.

दुसरी गोष्ट फेझची. स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेलेले ज्यू कारागीर फेझला आले आणि १५१६ मध्ये सॅम्युएल नेदिवोत या लिस्बनहून आलेल्या मुद्रकाने तिथे एक हिब्रू ग्रंथ छापला. आफ्रिका खंडातले हे पहिले छापील पुस्तक समजतात. म्हणजे फेझच्या गल्लीत खिळे, शाई आणि दाबयंत्र होते. अरबी पुस्तक छापायला त्यानंतर साडेतीनशे वर्षे गेली. का? पाठ्यपुस्तकी उत्तर तयार असते: धर्माने बंदी केली, उस्मानी सुलतानाने फर्मान काढले. मला हे उत्तर आळशीपणाचे वाटते. मोरोक्को उस्मानी साम्राज्यात कधी नव्हतेच. इस्तंबूलच्या फर्मानाचे तिथे काय चालणार? कागद मुबलक, नक्कल करणारे विद्यार्थी आणि व्यावसायिक कातिब मुबलक, मागणी मर्यादित. अशा ठिकाणी छापखान्याची गरज कोणाला भासत नव्हती, हे साधे कारण पुरेसे आहे. त्यात कुराण छापायचे म्हणजे आणखी प्रश्न: शाई शुद्ध का, रूळ कशाचा, चुकून वाया गेलेला कागद पायदळी आला तर?

शिवाय युरोपात जे झाले होते ते पाहून हुरूप यावा असे नव्हते. १५३७-३८ मध्ये व्हेनिसच्या पागानिनो आणि अलेस्सांद्रो पागानिनी या बापलेकांनी खिळे जुळवून अख्खे कुराण छापले. पूर्वेच्या बाजारात विकायचा बेत असावा. त्यात दाल आणि झाल यांत फरकच ठेवलेला नाही. आपल्याकडे 'द' आणि 'ध' एकाच खिळ्यावर भागवून पोथी छापली तर काय होईल, तसे. धंदा बुडाला. त्या आवृत्तीची एकुलती एक प्रत १९८७ मध्ये व्हेनिसच्याच एका फ्रान्सिस्कन मठात सापडली, तोवर ती दंतकथाच समजली जात होती.

खिळ्यांची अडचण नुसती चुकांची नव्हती. अरबी अक्षर शब्दात जागेप्रमाणे रूप बदलते. त्याच्या वर-खाली स्वरांच्या, थांब्यांच्या खुणांचे दोन-तीन थर. जुळाऱ्याला देवनागरीतला उकार-वेलांटीचा ताप ठाऊक आहे. कुराणात तो कैकपट. त्यात मगरिबी अक्षराचे पोट खालच्या ओळीत घुसते. खिळा चौकोनी, आपल्या चौकटीबाहेर जात नाही. त्यामुळे नस्खचे खिळे बरे जमले, मगरिबीचे जमवलेले अवघडलेले दिसतात.

दगडाला चौकट नव्हती. बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछाप शोधला, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत अरबी, फारसी, उर्दू जगाने तो उचलून धरला. युरोपने नकाशे, चित्रे, स्वरलिपी यांच्यासाठी ज्याचा वापर केला, तो इकडे ग्रंथांचा छापखाना झाला. कातिब स्निग्ध शाईने खास कागदावर सरळ लिहितो. तो कागद चुनखडीच्या घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर दाबला की अक्षरे उलटी होऊन दगडावर बसतात. दगड पाण्याने पुसायचा. कोरा भाग पाणी पितो, तेलकट अक्षर पाणी झिडकारते. मग रूळ फिरवला की शाई अक्षरालाच धरते. छापून झाले की दगड घासायचा, पुढचे पान. इथे जुळारी नाही, खिळे नाहीत, आणि अक्षर कापणारा परका कारागीर नाही. जे छापले जाते ते माणसाच्या हाताचे लिहिणे. कातिबाची नोकरीही जात नाही.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावरच आपला छापखाना उभा केला आणि मराठी पंचांग छापले. त्याच मुंबईतली शिळाछाप कुराणे पुढे जहाजांनी आग्नेय आशियापर्यंत गेली. आणि मुंबईच्या उर्दू दैनिकांची पाने कातिब हाताने लिहीत, ही तर माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे. उर्दूचे नस्तालिक वळण खिळ्यात बसत नव्हते आणि वाचकाला नस्ख नको होते; १९८१ मध्ये संगणकावरचे नूरी नस्तालिक लाहोरच्या वर्तमानपत्रात आले, तोवर दगड आणि त्याच्या वारसदार ऑफसेटनेच ते वळण जगवले. मगरिबी लिपी आणि नस्तालिक यांची नशिबे या बाबतीत बहिणी-बहिणींची.

मोरोक्कोला दगड पोचला तो एका काझींच्या हज यात्रेमुळे. त्याआधी तेतुआनचे मुहम्मद अस-सफ्फार १८४५-४६ मध्ये सुलतानाच्या वकिलातीबरोबर पॅरिसला गेले होते आणि तिथल्या छापखान्याचे कौतुक प्रवासवर्णनात लिहून आले होते. पण कौतुकाने यंत्र येत नाही. तारूदांतचे काझी मुहम्मद अत-तय्यिब अर-रुदानी हजहून परतताना इजिप्तमध्ये थांबले, शिळायंत्र विकत घेतले आणि ते चालवायला अल-कब्बानी या इजिप्शियन कारागिराशी करार केला. १८६४ मध्ये यंत्र अस्सविराच्या बंदरात उतरले आणि तिथून सुलतान चौथा मुहम्मद याच्याकडे गेले. काझींनी ते नजर केले असे काही अभ्यासक म्हणतात, काढून घेतले गेले असे काही. काहीही असो, १८६५ मध्ये मेकनेस इथे त्यावर पहिले पुस्तक निघाले, तिरमिझी यांचे 'शमाइल', म्हणजे प्रेषितांच्या रूपगुणांवरच्या हदीस. मग यंत्र फेझला गेले आणि तिथे पुढची सत्तरेक वर्षे शिळाछाप चालू राहिला.

पहिले पुस्तक कुराण नव्हते, याकडे लक्ष द्यावे. फेझच्या दगडाने आधी फिक्ह (धर्मकायदा), व्याकरण, सूफी ग्रंथ छापले: तिथल्या करवियिन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना लागणारी पुस्तके. ज्याची प्रत महाग आणि दुर्मीळ ते आधी छापायचे, हा मुद्रकाचा हिशेब. कुराण तर प्रत्येकाच्या तोंडात होते आणि घरोघर हस्तलिखितात होते. ते दगडावर चढले ते सावकाश, आणि चढले तेव्हा हस्तलिखिताचीच बतावणी करत चढले: तीच चौकट, समासात तीच हिज्बची फुले.

फक्त रंग गेले. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड, पानावर तो बिनचूक बसवायची कटकट. स्वस्त प्रतीला हे परवडणारे नव्हते. आता एकट्या काळ्या शाईत पिवळी हम्झा ओळखायची कशी? हिरवा ठिपका आणि तांबडा ठिपका वेगळे कसे करायचे? उत्तरे पानापानांवर दिसतात. हम्झाला स्वतःचा आकार दिला गेला, ठिपका जाड झाला, सुटलेले अलिफ बारीक रेघेने दाखवले. जे रंगाने सांगितले जात होते ते आकाराने सांगायला लागले. अभ्यासकांना जुन्या-नव्यातली रेघ पुसट झाल्याची खंत वाटली असेल. पोराला मात्र एकरंगी पान वाचता येत होते आणि बापाला ते विकत घेता येत होते.

मगरिबी कुराण खऱ्या अर्थाने दूरवर नेले ते अल्जियर्सने. १८३० च्या फ्रेंच स्वारीबरोबर तिथे छापखाना आला, तो सरकारी हुकूम आणि लष्करी बातमीपत्रे छापायला. स्थानिक वाचकाचा छापखाना यायला शतक संपत आले. मूळचे ऱ्होड्स बेटाचे असल्याने रोदोसी म्हणवणाऱ्या घराण्यातले कद्दूर बिन मुराद यांनी १८९६ च्या सुमारास अल्जियर्समध्ये छापखाना काढला. पुढे तो अस-सआलिबिया या नावाने गाजला. या नावात शहराचे संत सिदी अब्दुर्रहमान अस-सआलिबी यांची आठवण आहे. त्यांचा दर्गा अल्जियर्सच्या जुन्या कसब्याच्या कडेला आहे. या छापखान्याने वर्श पठणाचे, मब्सूत वळणातले कुराण काढले आणि ते इतके खपले की अल्जीरियात 'सआलिबी प्रत' म्हटले की कोणती ते सांगावे लागत नाही. माझ्या टेबलावरची दुसरी प्रत त्याच कुळातली.

ती सहारा ओलांडून गेली. माली, नायजर, उत्तर नायजेरियात व्यापाऱ्यांच्या आणि हाजींच्या गाठोड्यांतून मगरिबी छापील कुराण पोचले, कारण तिथेही वर्शच चालते आणि फेचा नुक्ता तिथेही खालीच. पण गंमत पुढे आहे. नायजेरियातल्या कानो शहरात हौसा कातिबांचा स्वतःचा ठसठशीत, टोकदार हात होता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथल्या मुद्रकांनी अल्जियर्सची नक्कल करण्याऐवजी गावच्या कातिबाकडून कुराण लिहून घेऊन ते ऑफसेटवर छापायला सुरुवात केली. आणि अशा प्रती बाजारात सुट्या पानांच्याही मिळतात, शिवण नाही, पुठ्ठा नाही. पाने एकावर एक ठेवायची आणि गफाका नावाच्या चामडी पिशवीत घालायची. पोथी बासनात बांधणाऱ्या घरातल्या माणसाला हे लगेच कळते. विद्यार्थी धड्यापुरती दोन पाने काढून घेतो, बाकीची पिशवीतच राहतात. छापखाना आला म्हणून पुस्तकाची सवय बदलली पाहिजे, असे कानोला वाटले नाही.

मग कैरो. १९२४ मध्ये इजिप्त सरकारने हफ्स पठणाचे, नस्ख खिळ्यांत जुळवलेले कुराण काढले. इतके स्वच्छ, इतके नियमबद्ध की पुढच्या शतकाचे ते प्रमाण झाले. मगरिबी लिपीचे लोक या आवृत्तीकडे जरा रुसून पाहतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण तिच्या शेवटी जोडलेली टीप वाचली की चित्र पालटते. शब्दांचे लेखन कशावरून ठरवले? अद-दानी आणि त्यांचे शिष्य अबू दाऊद यांच्यावरून, फेझला चौदाव्या शतकात वारलेल्या अल-खर्राझ यांनी पद्यात बांधले त्याप्रमाणे. खुणांचे नियम कशावरून? त्याच खर्राझांवर मगरिबातल्याच अत-तनसी यांनी केलेल्या भाष्यावरून. फक्त अंदलुसी-मगरिबी चिन्हांच्या जागी पूर्वेकडची घातली. म्हणजे कैरोच्या कुराणाचे कपडे पूर्वेचे, पण लेखनाचे शास्त्र अंदलुस आणि फेझचे. माझ्या टेबलावरच्या मदिनेच्या प्रतीतही तीच टीप थोड्या फरकाने आहे. त्यात एक कबुलीही आहे: सुटलेली अक्षरे पूर्वीचे विद्वान तांबड्या शाईने, मूळ अक्षरांएवढीच लिहीत, छापखान्यांना ते जड गेले म्हणून आता लहान आकाराने काढली आहेत. हाफिजसाहेब ज्या छोट्या उभ्या रेघेला 'मालिक'मध्ये शोधत होते, ती रेघ म्हणजे रंग गेलेले अलिफ. आज कोट्यवधी लोक जी बारीक रेघ वाचतात तिचा आकार छापखान्याच्या अडचणीने ठरवला आहे.

मदिनेचा छापखाना १९८४ मध्ये सुरू झाला. तिथून निघणारी हफ्सची प्रत सीरियाचे कातिब उस्मान ताहा यांच्या हातची आहे. तिथे वर्श आणि कालूनच्या प्रतीही छापतात. नुक्ते मगरिबी पद्धतीने, पण अक्षराचे वळण नस्ख. हाजी ती भेट म्हणून घेऊन जातात. पठण सांभाळले गेले, हात नाही. या तडजोडीबद्दल मला राग नाही, पण समाधानही नाही. मोरोक्कोला बहुधा तसेच वाटले असावे. २०१० मध्ये राजे सहावे मुहम्मद यांच्या नावाची कुराण प्रकाशनाची संस्था कासाब्लांकाजवळच्या मुहम्मदिया गावी स्थापन झाली. तिथून निघणारे 'अल-मुसहफ अल-मुहम्मदी' पुन्हा मब्सूत वळणात आहे, वर्श पठणात, अल-हब्तींच्या 'सह'सकट. दरम्यान, युनिकोडनेही खाली नुक्त्याच्या फेला आणि एका नुक्त्याच्या क़ाफला वेगवेगळे क्रमांक देऊन टाकले आहेत. म्हणजे फोनवरही आता 'मुस्तकीम' मगरिबी पद्धतीने लिहिता येते. वाचणाऱ्याला येते का, ही गोष्ट निराळी.

या पुस्तकातली चित्रांची पाने उजवीकडून डावीकडे लावली आहेत, तेव्हा ती मागच्या मलपृष्ठापासून पाहायला सुरुवात करावी. अरबी न येणाऱ्या वाचकाने घाबरू नये. रेघेची जाडी, ओळीखाली उतरणारी पोटे आणि समासातली फुले पाहायला भाषा लागत नाही. पहिल्या चित्रात क़ाफवर एकच नुक्ता आहे आणि फेचा नुक्ता खाली आहे. मुद्रितशोधन दोनदा केले आहे. ती छपाईची चूक नाही.